मे महिन्यात हिमशिखरे पाहायची, तर गाडी कुठे न्यावी?

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. मी, माझे यजमान, पंधरा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई असे पाच जण मे महिन्यात अकरा-बारा दिवस हिमालयात जाण्याचा विचार करत आहोत. पायथ्यापर्यंत विमानाने जायचे, तिथे गाडी भाड्याने घ्यायची आणि चालक न ठेवता आम्ही दोघांनी आळीपाळीने ती चालवायची, अशी आमची इच्छा आहे. कोकणात आणि महाबळेश्वरला घाटातून गाडी नेण्याची आम्हा दोघांनाही सवय आहे. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि मुलाला गाडी लागते. अपेक्षा एकच आहे, की निदान दोन-तीन दिवस तरी खोलीच्या खिडकीतून बर्फाची शिखरे दिसावीत. कोणी कौसानी-मुन्सियारी सुचवतात, कोणी लडाख, कोणी सिक्कीम, तर कोणी मनाली. धाकट्या दिरांचे म्हणणे असे, की एवढा खर्च करायचाच तर सरळ स्वित्झर्लंडला जा. गटसहलीत आम्हाला जायचे नाही. काय निवडावे? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून सांगते. चंदीगडपर्यंत विमानाने जा, तिथे गाडी घ्या आणि नारकंडा, सराहन या वाटेने हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यात कल्पा आणि सांगला येथे मुक्कामाला जा. तुमच्या यादीत हे नाव नाही याचे मला नवल वाटत नाही. आपल्याकडे 'शिमला-मनाली' हे जोडनाव इतके रुळले आहे, की शिमल्याच्या पुढचा रस्ता मनालीलाच जातो अशी अनेकांची समजूत होऊन बसली आहे.

तुमच्या पत्रातील मुख्य अट खिडकीतून शिखरे दिसण्याची आहे आणि नेमकी तीच अट मे महिन्यात सर्वांत सहज मोडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाने धुतलेली हवा इतकी स्वच्छ असते, की शंभर किलोमीटरांवरची शिखरेही कोरून काढल्यासारखी दिसतात. मे महिन्यात मात्र उत्तरेच्या मैदानातील धूळ डोंगरांवर चढते, खालच्या टेकड्यांवरील चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलांत वणवे लागलेले असतात आणि दुपारनंतर ढग जमू लागतात. दूरची हिमशिखरे मग धुरकट पडद्यामागे जातात ती एखादा पाऊस पडून जाईपर्यंत बाहेर येत नाहीत. हॉटेलांच्या जाहिरातींतील बहुतेक छायाचित्रे शरद ऋतूतील असतात, हे मात्र आरक्षण करताना कोणी सांगत नाही. म्हणून मे महिन्यासाठी ठिकाण निवडताना पर्वत किती उंच आहे यापेक्षा तो तुमच्या खिडकीपासून किती लांब आहे, हे आधी पाहावे. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण सह्याद्रीत रचली गेली असणार. मे महिन्यातल्या हिमालयात दुरून डोंगर पुष्कळदा दिसतच नाहीत.

या कसोटीवर कौसानी पहिल्यांदा गळते. तिथून त्रिशूल, नंदादेवी आणि पंचचुली यांची जी रांग दिसते ती अपूर्व आहे. महात्मा गांधी १९२९ साली तिथे राहिले आणि त्या जागेच्या प्रेमात पडले, ते काही उगाच नाही. पण कौसानीपासून त्रिशूल शिखर सरळ रेषेत पन्नासहून अधिक किलोमीटर दूर आहे आणि मधल्या सगळ्या दऱ्या चिडाच्या जंगलांनी भरलेल्या आहेत. या झाडाच्या वाळलेल्या सुया, ज्यांना तिकडे पिरुल म्हणतात, एप्रिल-मेमध्ये जमिनीवर जाड थराने पडलेल्या असतात आणि एका ठिणगीने पेटतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये नैनिताल परिसरातील वणवे विझवण्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना तलावांतून पाणी उचलावे लागले होते. दर वर्षी इतके घडत नाही. पण चार दिवस कौसानीत राहून फक्त पांढुरके आकाश पाहून परतलेली कुटुंबे थोडी नाहीत. मुन्सियारीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथून पंचचुली शिखरे वीस-पंचवीस किलोमीटरांवर, अगदी समोर उभी असतात. मात्र पंतनगर विमानतळावर किंवा काठगोदामला उतरून तिथे पोहोचायला सुखाने दोन दिवस लागतात आणि परतायला तितकेच. गाडी लागणाऱ्या मुलाला घेऊन जाण्यासारखा तो रस्ता नाही. दिवाळीच्या सुट्टीत कधी जमले, तर उत्तराखंडचा हा कुमाऊँ भाग जरूर करा.

सिक्कीमचे नाव या वेळी मनातून काढून टाका. कांचनजंगा पाहण्याचे दिवस ऑक्टोबर ते डिसेंबर हे आहेत. मे महिन्यात तिथे मोसमी पावसाच्या आधीचे ढग आणि सरी सुरू झालेल्या असतात. शिवाय चांगू तलाव, नाथुला किंवा उत्तर सिक्कीम इथे परवाने काढून स्थानिक नोंदणीच्या गाडीनेच जावे लागते, त्यामुळे बागडोगऱ्याहून घेतलेली तुमची गाडी गंगटोकमध्ये उभी राहील आणि तुम्ही दुसऱ्या गाडीचे पैसे भराल.

लडाखला तुमच्या अटीच आड येतात. तिथली हवा मे महिन्यातही कोरडी असते आणि शिखरे दिसतात यात शंका नाही. पण विमानाने थेट लेहला उतरणे म्हणजे पुण्याच्या साडेपाचशे मीटरांवरून काही तासांत साडेतीन हजार मीटरांवर जाणे. पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांतीत घालवावे लागतात आणि पुढे प्रत्येक सहलीत त्याहून उंच खिंडी ओलांडाव्या लागतात. रक्तदाब असलेल्या सत्तरीच्या बाईंना हा ताण कशासाठी द्यायचा? त्यातच बाहेरून भाड्याने आणलेल्या, स्वतः चालवायच्या गाड्यांना तिथल्या टॅक्सी संघटनांचा तीव्र विरोध आहे आणि अशा गाड्या अडवल्या जातात. स्वतःच्या हाताने गाडी चालवण्याचा तुमचा हेतूच त्यात बुडतो.

मनाली हा तुमच्या यादीतला खरा प्रतिस्पर्धी आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला, नऊ किलोमीटरांहून किंचित लांब असा अटल बोगदा ओलांडला, की माणूस लाहौलच्या खोऱ्यात सिस्सूपाशी निघतो आणि समोर बर्फाच्छादित कडे असतात. केलाँगला दोन-तीन रात्री राहिलात, तर खिडकीची अट पूर्ण होईल. अडचण बोगद्याच्या अलीकडची आहे. मे-जूनमध्ये दिल्ली, पंजाब आणि हरयाणातील निम्मी गर्दी मनालीकडे लोटलेली असते. सोलंगपासून गाड्यांची रांग लागते आणि रोहतांग खिंडीत जायचे तर वाहनसंख्येवर मर्यादा असल्याने आधी ऑनलाइन परवाना काढावा लागतो. किन्नौरमध्ये मनाजोगती खोली मिळाली नाही, तर लाहौल ही माझी दुसरी पसंती समजा. मात्र तेव्हा मनालीत राहण्याचा मोह टाळा.

स्वित्झर्लंडविषयी थोडक्यात सांगते, म्हणजे दिरांना उत्तर देता येईल. गाडी स्वतः चालवण्यासाठी तो देश उत्तम आहे, पण मे महिन्यासाठी नाही. फुर्का, ग्रिम्झेल, सुस्टेन यांसारखे ज्या उंच घाटरस्त्यांसाठी लोक तिथे गाडी घेतात, ते बर्फामुळे साधारण मेअखेरीपर्यंत किंवा जूनपर्यंत बंदच असतात. त्सेरमाट, व्हेंगेन, म्युरेन ही शिखरांच्या कुशीतली गावे तर मोटारींना बंदी असलेली आहेत. तिथे गाडी खाली ठेवून रेल्वेने किंवा रोपवेनेच वर जावे लागते. उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय, पाच जणांचे शेंगेन व्हिसा आणि तिथल्या जेवणाखाणाचा खर्च हे सगळे धरले, तर तो बेत जुलै-ऑगस्टचा आणि वर्षभर आधी ठरवण्याचा आहे.

आता किन्नौरविषयी. कल्पा हे गाव सुमारे २,९६० मीटर उंचीवर, सतलजच्या खोल दरीच्या काठावर वसलेले आहे आणि दरीच्या पलीकडे किन्नर कैलासची रांग उभी आहे. त्या रांगेतले सर्वांत उंच शिखर जोरकांदेन ६,४७३ मीटरांचे आहे, आणि गावापासून त्याचे अंतर सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटर भरते. इतक्या जवळचा पर्वत धुरकट हवेतही सहसा लपत नाही. शिवाय किन्नौरचा हा वरचा भाग पहिल्या डोंगररांगांच्या मागे पडत असल्यामुळे तुलनेने कोरडा आहे. ढग येतात, दुपारी रांग झाकतातही. पण तीन रात्री राहिलात तर एकही सकाळ-संध्याकाळ मोकळी मिळाली नाही असे सहसा होत नाही. तिथल्या प्रकाशाची एक गंमत आधी ठाऊक असावी. रांग गावाच्या पूर्वेकडे असल्याने सकाळी सूर्य शिखरांच्या मागून वर येतो आणि पर्वत बराच वेळ काळाच दिसतो. खरा सोहळा संध्याकाळचा असतो, जेव्हा गावात सावली उतरलेली असते आणि समोरचा बर्फ आधी पिवळा, मग तांबूस होत जातो. म्हणून मुलांना पहाटे उठवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा संध्याकाळी पाच वाजल्यानंतर कुठेही बाहेर राहू नका.

कल्पाचे जुने नाव चिनी. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याला ही जागा फार आवडत असे आणि १८५० साली त्याच्याच काळात सुरू झालेल्या हिंदुस्थान-तिबेट मार्गाचे काम या खोऱ्यातून पुढे नेण्यात आले. मुलीला नागरिकशास्त्राच्या पुस्तकापलीकडचे काही दाखवायचे असेल, तर स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पहिले मत देणारे शिक्षक श्याम सरन नेगी याच गावचे होते, हे तिला सांगा. हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद होतात म्हणून इथे मतदान आधी घेतले गेले आणि त्यांनी २५ ऑक्टोबर १९५१ रोजी मत दिले. २०२२ साली निधन होण्याच्या काही दिवस आधीदेखील त्यांनी विधानसभेसाठी टपालाने मतदान केले होते. गावात नारायण-नागिणीचे कोरीव लाकडी मंदिर आहे, सफरचंदांच्या बागा आहेत आणि चिलगोजाची झाडेही आहेत. रोघी गावाकडे जाणारा कड्याच्या कुशीतला रस्ता पायी फिरण्याजोगा आहे. करायला यापेक्षा फारसे काही नाही. गटसहलीची सवय असलेल्यांना तिथे कंटाळा येतो. तुमच्या पत्रावरून तुम्हाला तो येईल असे वाटत नाही.

खोलीचे आरक्षण करताना मात्र भोळेपणा नको. 'माउंटन व्ह्यू' हे शब्द कल्पातील जवळजवळ प्रत्येक हॉटेलच्या जाहिरातीत असतात आणि एका अर्थी ते खरेही असतात, कारण गावाच्या मागेही डोंगरच आहे. शिवाय गेल्या काही वर्षांत नवी बांधकामे इतकी झाली आहेत, की खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून समोरच्या हॉटेलची पाण्याची टाकी दिसण्याचा संभव असतो. म्हणून दूरध्वनी करून तुम्हाला जी खोली मिळणार आहे त्याच खोलीच्या खिडकीतून काढलेले छायाचित्र मागवा, खोलीचा क्रमांक लिहून घ्या आणि सासूबाईंसाठी जिने किती चढावे लागतील हेही विचारा. जो मालक असे छायाचित्र पाठवायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे खिडकी नसते.

चंदीगड ते कल्पा हे अंतर एका दमात तोडणारे लोक आहेत. तुम्ही तसे करू नये. किन्नौरची निवड करण्यामागे माझा अर्धा हेतू हाच आहे, की इथे उंची पायरीपायरीने वाढवता येते. विमान दुपारी उतरणार असेल, तर चौपदरी रस्त्याने सोलनजवळच्या बडोगपर्यंत जाऊन तिथेच थांबा. संध्याकाळनंतर अनोळखी गाडी अनोळखी डोंगरात घालू नका. दुसऱ्या दिवशी शिमला शहरात न शिरता, बाहेरून ठियोगमार्गे नारकंड्याला पोहोचा. सुमारे २,७०० मीटरांवरच्या या छोट्या गावात दोन रात्री काढल्या, की शरीर उंचीला सरावते. जवळच्या ठाणेदार-कोटगढ भागात सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकन जातीच्या सफरचंदांची लागवड केली आणि आज हिमाचलच्या डोंगरात जो पैसा दिसतो त्यातला बराचसा त्या बागांतून आलेला आहे. हाटू शिखरावर जाणारा रस्ता मात्र अरुंद आणि फार चढाचा आहे. तिथे स्थानिक टॅक्सीने जा आणि स्वतःच्या गाडीला एक दिवस विसावा द्या.

नारकंड्याहून सराहनला जाताना आधी सतलजच्या पात्रापर्यंत उतरावे लागते आणि ही उतरण नीट समजून घ्या. तीस-पस्तीस किलोमीटरांत रस्ता दीड हजार मीटरांहून अधिक खाली येतो. देवदार संपून निवडुंग दिसू लागतात आणि सकाळी स्वेटर घालून निघालेली माणसे रामपूरला पोहोचेपर्यंत घामाघूम होतात. आंबेनळी किंवा वरंधा घाट तुम्ही तासाभरात उतरता, त्यामुळे ब्रेकवर पाय ठेवून उतरण्याची सवय पुण्याच्या चालकांना खपून जाते. इथे ती खपत नाही, कारण सतत दाबलेला ब्रेक तापून निकामी होतो. दुसऱ्या गिअरमध्ये, लागेल तिथे पहिल्या, इंजिनच्या जोरावर गाडी रोखत उतरा आणि ब्रेक थोडा थोडा लावून सोडत राहा. चाकांपाशी करपल्याचा वास आला, तर मोकळी जागा पाहून गाडी अर्धा तास उभी करा, पण चाकांवर पाणी ओतू नका. भाड्याची गाडी ऑटोमॅटिक असेल, तर तिच्यात खालचा गिअर हाताने टाकण्याची सोय आहे की नाही, हे ताबा घेतानाच पाहा.

सराहनला एक रात्र पुरे. भीमाकाली मंदिर दगड आणि लाकूड यांचे थर आलटून पालटून रचून बांधलेले आहे. आत जाताना कातड्याची वस्तू चालत नाही आणि डोक्यावर टोपी घालावी लागते. टोप्या तिथेच मिळतात. समोर श्रीखंड महादेवाचे शिखर दिसते. हवा स्वच्छ असेल तर, हे ओघानेच आले.

सराहनहून पुढचा रस्ता हा सहलीतला सर्वांत देखणा आणि सर्वांत सावधगिरीचा टप्पा आहे. तरांडा ढांकपाशी रस्ता उभ्या कड्यात कोरून काढलेला आहे, वर खडकाचे छत आणि खाली सतलज. जवळच्या तरांडा देवीच्या मंदिरापाशी ट्रक-बसचे चालक थांबून हात जोडतात आणि पुढे जातात. तुम्हीही तिथे थांबा. श्रद्धा असो वा नसो, चालकाच्या खांद्यांना त्या पाच मिनिटांची गरज असते. या भागात रस्त्याची एकच मार्गिका उरते तिथे चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, वळणावर हॉर्न वाजवायचा आणि समोरून राज्य परिवहनाची बस आली, तर तिचा चालक हाताने जी खूण करील ती निमूट मानायची. त्याला त्या रस्त्याची प्रत्येक वीत ठाऊक असते. दरीच्या बाजूचे चाक कच्च्या कडेवर घालू नका, मागे घ्यावे लागले तरी चालेल. जलविद्युत प्रकल्पांचे बोगदे, मातीचे ढिगारे आणि अवजड वाहने यांनी हे खोरे विद्रूप झाले आहे, हेही लपवत नाही. करछमपर्यंत धूळ खावी लागते.

सांगलाचे खोरे त्या मानाने मृदू आहे. करछमला मुख्य रस्ता सोडून बास्पा नदीच्या कडेने वर चढले, की देवदार, हिरवी शेते आणि नदीकाठची गावे सुरू होतात. इथे दोन रात्री राहून एक दिवस चितकुलला जाऊन या. ते गाव सुमारे ३,४५० मीटरांवर आहे, त्यामुळे सासूबाईंसह तिथे मुक्काम करू नका. दोन-तीन तास थांबून परत या. मुलांनी नदीवर जाण्याचा हट्ट धरला तर पाण्यापासून लांब बसवा, कारण बर्फाचे पाणी दुपारनंतर वाढते. भारतीय नागरिकांना यांपैकी कुठेही परवाना लागत नाही.

तारखांविषयी माझे मत ठाम आहे. १० ते २५ मे या दरम्यान जा आणि चंदीगडहून निघण्याचा दिवस सोमवार किंवा मंगळवार ठेवा, म्हणजे शनिवार-रविवारी शिमल्याकडे लोटणारी गर्दी टळेल. सुट्टीची सोय म्हणून हा बेत जूनच्या अखेरीस ढकलू नका. हिमाचलमध्ये मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोहोचतो आणि त्यानंतर हे डोंगर सुटू लागतात. २०२१ च्या जुलैमध्ये सांगला खोऱ्यातील बटसेरीजवळ कोसळलेल्या दगडांनी पर्यटकांचा बळी घेतला आणि पुढच्याच महिन्यात निगुलसरीला महामार्गावर बस आणि इतर वाहने दरडीखाली सापडली. मे महिन्यातही रात्री जोराचा पाऊस झाला, तर सकाळी लगेच न निघता हॉटेलमध्ये रस्त्याची चौकशी करा आणि लागलाच तर एक दिवस अधिक थांबा. यासाठीच बारा दिवसांतला एक दिवस कुठेही न बांधता मोकळा ठेवायचा आहे.

गाडीच्या बाबतीत बहुतेकांचे लक्ष भाड्याकडे असते, ते करारनाम्याकडे असायला हवे. स्वतः चालवण्यासाठी अधिकृतपणे भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर नको म्हणा, कारण अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते. करारात तुम्हा दोघांचीही नावे आणि परवाने नोंदवून घ्या. एकाचेच नाव असेल आणि गाडी दुसऱ्याच्या हाती असेल, तरीही तीच पंचाईत. हिमाचलमध्ये नेण्याची लेखी परवानगी आहे का, बाहेरच्या राज्यातील व्यावसायिक वाहनावरील प्रवेशकर कोणी भरायचा, किलोमीटरांची मर्यादा किती, आणि टायर व गाडीचा तळ यांचे नुकसान विम्यात धरले आहे का, हे चार प्रश्न आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी येते आणि किन्नौरच्या रस्त्यांवर नुकसान नेमके तिथेच होते. ताबा घेताना गाडीभोवती फिरून चित्रफीत काढा, स्टेपनीत हवा आहे का ते दाबून पाहा. पाच माणसे आणि थंडीच्या कपड्यांचे सामान यासाठी तीन रांगांची गाडी घेऊन मागची रांग दुमडून टाकलेली बरी. टपावर सामान बांधून जाऊ नका. इंधन रामपूरला पूर्ण भरा.

पैसे वाचतील म्हणून चालक टाळत असाल, तर तो हिशोब पुन्हा मांडून पाहा. भाडे, अनामत, कर आणि इंधन मिळून स्वतः चालवायची गाडी चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीपेक्षा फार स्वस्त पडतेच असे नाही. तुम्हाला मिळते ती थांबण्याची मोकळीक, आणि त्याची किंमत अशी, की जो चाकावर बसतो त्याला डोंगर दिसत नाही, फक्त पुढचे वळण दिसते. म्हणून दिवसाला पाच तासांहून अधिक गाडी चालवायची नाही आणि दर दोन तासांनी चालक बदलायचा, हा नियम घरूनच ठरवून निघा. डोंगरात ताशी पंचवीस-तीस किलोमीटरांहून अधिक सरासरी धरू नका. मोबाइलवरचा नकाशा जो वेळ दाखवतो त्यात दीड तास मिळवा.

मुलासाठी पुढची जागा, उघडी काच आणि निघण्यापूर्वी हलका नाश्ता पुरेसा असतो; पोहे चालतील, तेलकट पराठे नकोत. औषध द्यायचे ते निघण्याआधी अर्धा तास आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. वाटेत मोबाइल त्याच्या हातात देऊ नका, ही सूचना पाळणे सर्वांत अवघड जाईल. सासूबाईंना मात्र तिकिटे काढण्यापूर्वीच त्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि तीन हजार मीटरांच्या आसपास चार-पाच रात्री राहायचे आहे, चितकुलला त्याहून वर जायचे आहे, हे आकड्यांसह सांगा. उंचीवरच्या त्रासावरची गोळी ऐकीव माहितीवर देऊ नका. डोकेदुखी, मळमळ किंवा धाप वाढत गेली, तर उपाय एकच, खाली उतरणे. कल्पाहून सतलजच्या काठापर्यंत गाडीने दोन तासांच्या आत पोहोचता येते. लेहला विमानाने गेला असता, तर ही सोय हाताशी नसती.

आता कामाचा क्रम. डॉक्टरांचा होकार मिळाला, की सर्वांत आधी कल्पातील खोली पक्की करा, मग सांगला, नारकंडा आणि सराहन, आणि त्यानंतर विमान. लोक उलटे करतात. स्वस्त तिकीट मिळाले म्हणून तारीख बांधून घेतात आणि मग त्या तारखेला उरलेली, डोंगराकडे पाठ असलेली खोली घेतात. पुण्याहून चंदीगडला थेट विमान सोयीच्या वेळी मिळाले तर उत्तम, नाहीतर दिल्लीला विमान बदलावे लागेल. दिल्लीत उतरून तिथूनच गाडी घेण्याचा विचार करू नका, कारण मैदानातल्या उन्हात जाता-येता एकेक दिवस जातो. परतीच्या वाटेवर सांगल्याहून नारकंडा, तिथून चंदीगड असे दोन दिवस धरा, शेवटची रात्र चंदीगडमध्येच काढा आणि गाडी त्याच संध्याकाळी, उजेड असताना परत करा, म्हणजे ओरखड्यांवरून होणारी हुज्जत विमानतळावर घड्याळाकडे पाहत घालावी लागणार नाही.